विचारलं नाही म्हणूनच

"तुम्हाला कुणी विचारलं?" हा प्रश्न आपल्याकडं उत्तरासाठी विचारत नाहीत. माणसाला गप्प बसवण्यासाठी विचारतात. ऐकणारा ओशाळतो, मान खाली घालतो. मुलाणीबाईंचं उलटं होतं. हा प्रश्न ऐकला की त्यांचा चेहरा खुलायचा. एक पाऊल पुढं येऊन त्या म्हणायच्या, "कुणीच नाही विचारलं. म्हणूनच बोलतेय." आणि मग जे सुरू व्हायचं, त्यात मध्ये बोट घालायला फट मिळायची नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये, नव्वद साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा. यवत मागं टाकलं की सोलापूरच्या हायवेला चिकटून आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतली बरीच माणसं अजून पारावर बसतात. मी तिथं गणित शिकवायचो. बाई भूगोल आणि नागरिकशास्त्राला होत्या. माहेर केडगावचं, सासर आमच्याच गावातलं. उंच, हाडापेरानं दणकट, चालताना किंचित पुढं झुकलेल्या, जणू वारा कायम समोरूनच येतोय. तोंडात लवंग. आवाज असा, की आठवीला शिकवलेले मोसमी वारे भिंतीपलीकडं दहावीलाही पाठ व्हायचे. माझ्या तासाला मुलं समीकरण सोडवता सोडवता मान्सूनची दिशा पुटपुटायची.

त्या दिवशी मीटिंग होती मुलींच्या स्वच्छतागृहाची. तोवर शाळेत ते नव्हतंच. मुली सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आता संस्थेनं मंजुरी दिली होती आणि हेडमास्तरांनी जागाही ठरवली होती: बाजूच्या कंपाउंडचा कोपरा. त्या कंपाउंडला लागूनच ढाबा. ट्रकवाले तिथं थांबायचे, क्लीनर पोरं भिंतीवर पाय सोडून बिडी ओढत बसायची.

"तिथं एकही मुलगी जाणार नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला कुणी विचारलं?" हेडमास्तर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मीटिंग लवकर संपवायची त्यांना सवय होती.

"कुणीच नाही. पण मला नका विचारू. ज्यांना जायचंय त्यांना विचारा."

आणि त्या खरोखर उठून नववीच्या वर्गात गेल्या. मला शेजारच्या वर्गावर तास होता म्हणून पुढचं मी दारातून पाहिलं. त्यांनी मुलांना मैदानावर पिटाळलं आणि मुलींना विचारलं, "कुठं पाहिजे?" मुली खाली बघायला लागल्या. कुणी ओढणीचं टोक पिळत होतं, कुणी बाकावर नखानं रेघा ओढत होतं. बाईंनी पुन्हा विचारलं नाही, दरडावलं नाही, समजावलंही नाही. खुर्ची ओढली, बसल्या आणि वाट बघत राहिल्या. एवढ्या बडबड्या बाईला असं गप्प बसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. तास संपत आला तेव्हा सुरेखा नावाच्या मुलीनं मान वर न करता हात लांब केला आणि खिडकीतून चिंचेच्या झाडाकडं बोट दाखवलं. चिंच ऑफिसच्या बाजूला, रस्त्यापासून आत.

स्वच्छतागृह चिंचेखालीच झालं. हेडमास्तरांनी पुढं संस्थेच्या लोकांना ती जागा आपणच सुचवली असं सांगितलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाल्या, "सांगू दे की. पण मुलींना माहीत आहे ना कुणी सुचवली ते?"

दुसऱ्यांना विचारा, लोकांना विचारा, असा धोशा लावणाऱ्या या बाई घरात मात्र कुणाचंच ऐकायच्या नाहीत. भाजी त्यांनी ठरवायची, पाहुणे त्यांनी ठरवायचे, भिंतींचा रंगही त्यांनीच ठरवायचा. त्यांचे मिस्टर, सलीमभाई, दौंडला रेल्वेत फिटर होते. अतिशय शांत माणूस. एकदा मी त्यांच्याकडं ईदेला गेलो तेव्हा खोल्यांना नुकताच भडक पोपटी रंग दिलेला होता. मी भिंतीकडं बघतोय हे बघून सलीमभाई हळूच म्हणाले, "सर, आमच्याकडं लोकशाही उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावी लागते." बाई आतून ओरडल्या, "ऐकू येतंय मला!"

त्यांच्यात आणखीही खोट होती. रागावल्या की तोल जायचा. एका तलाठ्याला त्यांनी चारचौघांत "तुमच्या डोक्यात सातबारा कोराच आहे" असं ऐकवलं, आणि त्या माणसानं पुढं दोन वर्षं गावातल्या मुलाण्यांना दाखल्यासाठी खेटे घालायला लावले. त्यावरून त्यांचे चुलत सासरे अब्बासचाचा घरी येऊन बसले. वयस्कर, अदबीनं बोलणारे.

"सूनबाई, आपली घरं चार. गावाशी वैर परवडत न्हाई आपल्याला."

"चाचा, घरं चार आहेत म्हणून तोंडं मोजकी आहेत," बाई म्हणाल्या. "तीही मिटून घेतली तर आपण आहोत हे गावाला कळायचं कसं?"

चाचांनी चहा न घेता चप्पल घातली. बाई तो चहा स्वतः प्यायल्या, पण तलाठ्याकडं जाऊन माफीही मागून आल्या. "मी चुकले ते बोलण्यात चुकले," त्या मला सांगत होत्या, "मुद्द्यात नाही."

नागरिकशास्त्र हा विषय आमच्याकडं वीस मार्कांचा. सगळे तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायचे. बाईंनी त्याचं प्रॅक्टिकल काढलं. ग्रामसभा असली की दहावीचा वर्ग घेऊन त्या चावडीपुढं हजर. तोवर आमची ग्रामसभा म्हणजे पाचपंचवीस माणसं, एक सतरंजी आणि आधीच ठरलेला ठराव. बायका लांब भिंतीच्या कडेला उभ्या. बाई जाऊन सतरंजीवर पुढं, सरपंचांच्या अगदी समोर बसायच्या. मागून मुलं.

सरपंचांना सगळे आप्पा म्हणायचे. मोठे बागायतदार, सोसायटीतही त्यांचाच शब्द. गावासाठी त्यांनी केलंही होतं, ओढ्यावरचा बंधारा त्यांच्यामुळं झाला. पण गावाला काय पाहिजे हे आपल्याला कळतं, यावर त्यांचा एवढा विश्वास होता की गावाला विचारणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटायचा. त्या सभेला विषय होता शाळेपुढच्या मैदानाचा. जमीन ग्रामपंचायतीची. हायवेला लागून असल्यानं तिथं दुकानांचे गाळे काढायचं ठरलं होतं.

"बाई, ही पोरं कशाला आनली?" आप्पा म्हणाले. "ही काय मतदार न्हाईत."

"मैदानात खेळायला मतदार असावं लागतं का, आप्पा?"

लोक हसले. आप्पाही हसले. मग दहावीतला एक मुलगा उभा राहिला. "आप्पा, गाळं झाल्यावर आमी कुठं खेळायचं?"

"हायवेवर खेळा!" आप्पा म्हणाले.

या वेळी सगळे जोरात हसले. मुलगा खाली बसला. हात वर झाले, ठराव मंजूर झाला, पुढच्या उन्हाळ्यात गाळे उभे राहिले. परत येताना मुलं मान खाली घालून चालत होती. त्यांना आपली फजिती झाली असं वाटत होतं आणि खरं तर झालीच होती. बाई शाळेच्या फाटकाशी थांबल्या.

"हरलात," त्या म्हणाल्या. "गोड बोलून सांगत नाही. हरलात. पण आप्पांकडं उत्तर असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं. नव्हतं, म्हणून चेष्टा केली. पुढच्या वेळी चेष्टेनंतर बसायचं नाही. उभं राहायचं."

पुढची वेळ यायला बरीच वर्षं गेली. ती मुलं मोठी झाली. कुणी शिरूरकडच्या कंपनीत शिफ्टला लागली, कुणी दौंडला, कुणी घरची शेती बघायला लागलं. ग्रामसभेत बोललेला तो मुलगा, गणेश, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. सुट्टीच्या दिवशी गाळ्यांतल्याच एका पानटपरीवर सगळे बसायचे. आणि मग हायवे चौपदरी होणार अशी बातमी आली.

आमचं गावठाण रस्त्याच्या एका बाजूला आणि शाळा, दवाखाना, निम्मी शेतं दुसऱ्या बाजूला. दोन पदरी होता तोवर माणसं जीव मुठीत धरून का होईना, ओलांडत होती. आता मध्ये उंच दुभाजक येणार होता. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली: आराखडा बघायला ठेवला आहे, हरकती आणि सूचना द्याव्यात, अमुक दिवशी दौंडला सुनावणी. गावात कुणी ती वाचली नाही. बाईंनी वाचली, आराखडा बघून आल्या, आणि तशाच टपरीवर गेल्या. टपरीवर बाई माणूस येतंय म्हणून पोरांनी सिगारेटी लपवल्या.

"लपवू नका, दिसल्या मला," बाई म्हणाल्या. "आराखड्यात आपल्या गावाला रस्ता ओलांडायची सोयच नाही. एक फट आहे, ती पार पुढं पेट्रोल पंपाजवळ. सुनावणीला कोण कोण येतंय?"

"काय उपयोग मॅडम," गणेश म्हणाला. "वरती सगळं फिक्स आसतं. आपुन जायाचं, सही करायची, च्या प्यायचा आन् परत यायचं."

"फिक्स आहे ना? मग सुनावणी ठेवलीच कशाला? गणेश, तू गेला नाहीस तर ते कागदावर लिहितात, 'कोणाचीही हरकत नाही.' तुझं न जाणं ही पण सहीच आहे. फक्त ती तुझ्या विरुद्ध आहे."

बाई लवंग चघळत तिथंच बाकड्यावर बसल्या. पोरांना ना उठता येईना, ना सिगारेट ओढता येईना. शेवटी गणेश म्हणाला, "बरं, येतो. पन बोलनार न्हाई."

"ते बघू," बाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी दहावीच्या वर्गात तालीम भरली. मला बाईंनी खुर्च्या लावायला बोलावलं होतं, म्हणून मी साक्षीदार. त्या स्वतः साहेब झाल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खुर्चीत रेललेल्या, समोर भूगोलाचा नकाशा. गावातली पंधरावीस माणसं आली होती, त्यांत बायका निम्म्या. एकेकानं उभं राहून बोलायचं आणि बाईंनी त्याला खाली बसवायचा प्रयत्न करायचा.

"विषय सोडून बोलू नका! बसा!"

"वेळ संपली! बसा!"

"हे आमच्या अखत्यारीत येत नाही! बसा म्हणतो ना!"

पहिल्या खेपेला सगळे बसले. 'बसा' म्हटलं की माणूस बसतोच, ते शाळेत अंगात मुरलेलं असतं, आणि ते मुरवण्यात बाईंचाही वाटा होता. त्यांच्याच आवाजाला घाबरून तिशीतली माणसं धपाधप खाली बसत होती. बाई कपाळाला हात लावायच्या. "अरे, मी साहेब आहे, मुलाणीबाई नाही!" दोनतीन रविवार गेले तेव्हा कुठं लोक उभं राहायला लागले. आणखी एक गोष्ट त्यांनी घोकून घेतली. "साहेब म्हणतील, 'नोंद घेतली.' तेवढ्यावर खूष होऊन यायचं नाही. म्हणायचं, 'काय लिहिलं ते वाचून दाखवा.' हौसाबाई, काय म्हणायचं?"

"वाचून दावा!" हौसाबाई म्हणाल्या. त्यांचं घर इकडं आणि गोठा रस्त्यापलीकडं. त्या नातवाला कडेवर घेऊन तालमीला यायच्या.

सुनावणी दौंडला एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या आणि अधिकारी नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांवर बसले होते. आमचं गाव टेम्पोनं आलं. आप्पाही आले, जीपमधून, आणि पहिल्या रांगेत बसले. टेम्पोतून उतरताना बाईंनी सांगितलं, "मी आज बोलणार नाही. मी बोलले तर उद्या म्हणतील, एक बाई भांडायला आली होती. गाव आलं होतं असं कुणी म्हणणार नाही."

त्यांच्यासाठी हे किती अवघड होतं ते मी शेजारी बसून पाहिलं. आमच्या गावाचा पुकारा झाला. आप्पा उठून म्हणाले, रस्ता म्हणजे विकास, गावाचा पाठिंबा आहे. बाईंच्या जबड्याची शीर टरारली. पदराचं टोक त्यांनी मुठीत असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली. पण बोलल्या नाहीत.

गणेश उभा राहिला. उभा राहिला आणि सगळं विसरला. नुसता उभाच.

"बोला लवकर," मधले साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं. "काही नसेल तर बसा."

गणेशनं वळून बाईंकडं बघितलं. बाई झेंडूच्या माळांकडं बघत बसल्या. गणेश बसला नाही.

"अहो, बसा म्हटलं ना."

"साहेब," तो म्हणाला, आणि पाठ केलेलं सगळं सोडून भलतंच बोलला. "माजी पुतनी सातवीत हाय. ती उद्यापास्नं शाळंत कशी जानार, तेवडं सांगा. मग मी बसतो."

साहेबांनी शेजारच्या इंजिनिअरकडं बघितलं. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं, "इथं ओपनिंग दिलेलं आहे."

"ते पंपापाशी हाय. तितवर कडंकडंनं चालत जायाचं, गाड्या चुकवत पल्याड जायाचं आन् पुन्ना तेवडंच मागं यायचं. तुमची मुलगी आसती तर धाडली आसती का, साहेब?"

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. आप्पा मागं वळून बघायला लागले, पण गणेशनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. साहेब रागावले नाहीत. थकल्यासारखे दिसले. "ठीक आहे. तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली."

आणि आमच्या रांगेतून एकदम सात-आठ आवाज आले, त्यांत हौसाबाईंचा सगळ्यांत वर: "काय लिव्हलं ते वाचून दावा!"

साहेबांना ते वाचून दाखवावं लागलं. पहिल्यांदा वाचलं त्यात 'ग्रामस्थांनी सहकार्याचे आश्वासन दिले' एवढंच होतं. मग दुसऱ्यांदा लिहावं लागलं: 'शाळेपुढे रस्त्याखालून उंच बोगदा द्यावा, अशी ग्रामस्थांची मागणी.' बाई या सगळ्यात एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मात्र हातपंपावर जाऊन त्यांनी तोंडावर पाण्याचे हबके मारले आणि मला म्हणाल्या, "सर, माझ्या आयुष्यात मी एवढं गप्प कधी बसले नव्हते. पुन्हा नाही जमायचं."

रस्ता झाला तेव्हा गावाला बोगदा मिळाला. शाळेसमोर नाही, ओढ्याच्या कडेला, आणि बुटका. बैलगाडी जाते, ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली असली तर अडते, पावसाळ्यात घोटाभर पाणी साचतं. पण पोरं त्यातून शाळेत जातात. उद्घाटनाला नारळ आप्पांनीच फोडला आणि भाषणात आपल्या पाठपुराव्याचा उल्लेख केला. मग मोठेपणानं म्हणाले, मुलानीबाईंनीबी दोन शब्द बोलावं. लोकांना वाटलं, बाई आभार मानतील.

"शाळेपुढं मागितला होता, ओढ्याला दिला," बाई माइकवर म्हणाल्या. "उंच मागितला होता, बुटका दिला. आभार मी उरलेला अर्धा मिळाल्यावर मानेन." आणि माइक आप्पांच्या हातात देऊन खाली उतरल्या.

आप्पा संस्थेच्या कमिटीवर होते. जून उजाडायच्या आत बाईंची बदली शिरूर तालुक्यातल्या एका शाखेवर झाली. भीमा ओलांडून, दोन एसट्या बदलून, रोज. निवृत्तीला फार वर्षं राहिली नव्हती. गणेश आणि ती पोरं संस्थेत जाऊन भांडणार होती, बाईंनीच नको म्हटलं. निरोपसमारंभ हेडमास्तरांनी घाईघाईत उरकला. "प्रशासकीय कारणास्तव" हे शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारले की मुलं हसायला लागली. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बदलीचं मला कुणी विचारलं नाही, सर. आता तिथं जाऊन बघते, त्यांनाही कुणी काही विचारत नाही का."

त्यानंतर आमच्या भेटी कमी झाल्या. त्या पहाटे निघायच्या आणि दिवेलागणीला यायच्या. सलीमभाई कधी बाजारात भेटले की हसून सांगायचे, तिकडंही काहीतरी चालू आहे, नक्की काय ते विचारू नका.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शिरूरला एका लग्नाला जाताना. दुपारची वेळ, एसटी खच्चून भरलेली. एका गावाबाहेर रस्त्याचं काम चालू होतं म्हणून गाडी थांबली. लोक खिडकीतून माना बाहेर काढून बघायला लागले, मीही बघितलं. कडेला पिवळा जेसीबी उभा होता आणि त्याच्या दातांपुढं, मुरमाच्या ढिगावर, मुलाणीबाई. केस पार पांढरे झालेले. गणवेशातल्या दहाबारा मुली त्यांच्या भोवती, आणि एक मुलगी, बाईंच्या खांद्याएवढीसुद्धा नसलेली, हात हलवून हलवून मुकादमाला काहीतरी सांगत होती. बाई बोलत नव्हत्या. कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

मी हाक मारली. मागून गाड्यांचे हॉर्न चालू होते, त्यांना ऐकू गेली नाही. कंडक्टरनं डबल बेल दिली आणि आमची गाडी कच्च्या वळणावरून धूळ उडवत पुढं निघाली. काय भांडण होतं, पुढं त्याचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. वळणावरून मागं बघितलं तेव्हा एवढंच दिसलं, की ऑपरेटर खाली उतरून त्या मुलीसमोर उभा होता आणि जेसीबी बंद होता.